पुराची बातमी आणि औषधाचं चिटोरं

नाशिकला गोदावरी चढू लागली की लोक एकमेकांना आधी क्युसेक विचारत नाहीत. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते विचारतात. गुडघ्याला, कमरेला, की छातीला? रामकुंडाजवळची ही मूर्ती म्हणजे नदीकाठच्या खालच्या गावांची मोजपट्टीच. निफाड तालुक्यातलं सायखेडा हे असंच एक खालचं गाव. पलीकडे चांदोरी, पुढे नांदूरमध्यमेश्वरचं धरण आणि त्याच्या फुगवट्यात वर्षानुवर्षं साचलेला गाळ. त्यामुळे वरून आलेलं पाणी इथून लवकर हलत नाही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही गावांनी ते घरादारांत शिरलेलं पाहिलं. अशा दिवशी गंगापूर धरणाच्या विसर्गाचा आकडा ज्याला आधी कळतो तो फोन करतो, मेसेज टाकतो, शेजारच्याची कडी वाजवतो. मग त्या शेजाऱ्याशी बांधावरून दावा चालू का असेना.

पूर ओसरतो, दोनेक महिन्यांत द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू होते, आणि तीच माणसं वेगळी वागू लागतात. निदान परवापरवापर्यंत तरी वागत. ‘काय मारलं काल?’ बांधावरून प्रश्न यायचा. ‘काही नाही, नेहमीचंच,’ असं उत्तर जायचं. सल्लागाराकडून एकरी पैसे मोजून आणलेलं फवारणीचं वेळापत्रक म्हणजे ‘शेड्यूल’. ते चिटोरं खिशाबाहेर पडायचं नाही. मग पलीकडचा माणूस फवारणीच्या टाकीशेजारी पडलेल्या रिकाम्या बाटल्यांवरून अंदाज बांधणार.

याला कोता स्वभाव म्हणून मोकळं होता येईल, पण ते अन्यायाचं ठरेल. सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव उघड्यावर होतो. कुणाच्या ट्रॅक्टरला काय भाव पुकारला ते दहा जण ऐकतात. द्राक्षाचा सौदा मात्र बागेत, मांडवाखाली, व्यापारी आणि बागायतदार यांच्यातच ठरतो. मण्याची फुगवण एक-दोन मिलिमीटरनं जास्त, माल चार दिवस आधी तयार, एवढ्यावर किलोमागचे रुपये फिरतात. एकरी लाखांत खर्च करणाऱ्यानं आपली चार दिवसांची आघाडी शेजाऱ्याला का सांगावी? बाजार जसा बंद, तसं ज्ञानही बंद.

गंमत अशी, की ज्या औषधावर जगभरच्या द्राक्षबागा तगल्या त्याचा जन्मसुद्धा राखणीतूनच झाला. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचं निळसर मिश्रण शिंपडायची पद्धत होती. येणाऱ्या-जाणाऱ्यानं घड तोडू नयेत म्हणून! पानं विषारी दिसली की चोर हात लावणार नाही, एवढाच हेतू. पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की आतल्या वेली डाऊनी मिल्ड्यूनं, म्हणजे केवड्यानं, करपल्यात आणि रस्त्याकडेच्या हिरव्यागार आहेत. त्यानं कारभाऱ्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं. प्रयोग झाले, १८८५ मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि चोराला भिववण्याचा उपाय सगळ्यांचा झाला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे एक टक्का बोर्डोचं प्रमाण आज निफाड तालुक्यातल्या पोरालाही तोंडपाठ असतं. मिलार्दे विचारायला गेला नसता तर? हा प्रश्न पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे, कारण मोकळेपणाच्या या सगळ्या इतिहासात सांगणाऱ्याइतकाच विचारणारा महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात शेतीचं ज्ञान वाटण्याची कल्पना नाशिकच्या आजच्या द्राक्षबागांच्या आधीची. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये सरकारला सुचवलं होतं, की दरवर्षी प्रदर्शनं भरवावीत, पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत. त्यात एक बारीक गोष्ट दडली आहे. परीक्षा शेतकऱ्याची, म्हणजे तो काहीतरी जाणतो हे गृहीतच धरलं आहे. पुढच्या शंभर वर्षांत सरकारी विस्तारसेवेनं बहुतेकदा हे गृहीतक सोडून दिलं. ज्ञान वरून येणार आणि शेतकऱ्यानं ओंजळ धरायची, असा तो प्रवाह राहिला. आकाशवाणी आली, दूरदर्शनवर ‘आमची माती आमची माणसं’ आलं. माध्यम उत्तम, पण पडद्यातल्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नव्हता.

द्राक्षानं हा प्रवाह थोडा आडवा वळवला. नाशिक जिल्ह्यातली द्राक्षशेती ओझरच्या जयराम कृष्ण गायकवाड यांच्या १९२५ मधल्या लागवडीपासून सुरू झाल्याचं सांगतात. त्या काळातल्या भोकरी, फकडी या जातींची नावंही आता फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरली आहेत. १९६० च्या सुमारास महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ उभा राहिला. त्याचं ‘द्राक्षवृत्त’ मासिक, छाटणीआधीची चर्चासत्रं, पुण्यातलं वार्षिक अधिवेशन यांतून एक नवी सवय रुजली. शेतकऱ्यानं शास्त्रज्ञाला उभं राहून विचारायचं, आणि शास्त्रज्ञाचं पटलं नाही तर शेजारच्या खुर्चीतल्या तासगावच्या बागायतदाराला विचारायचं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं ते १९९७ मध्ये. तोवर बागायतदारांनी आपली आपण शाळा भरवली होती.

या शाळेचं सगळ्यात मोठं पाठ्यपुस्तक म्हणजे काडी. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांना थॉमसन जातीच्या बागेत वेगळी फांदी दिसली, तिच्यातून ‘तास-ए-गणेश’ आली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी अशाच निवडीतून ‘सोनाका’ आणि काळी ‘शरद सीडलेस’ दिली. निरीक्षण प्रयोगशाळेतलं नव्हतं, बांधावरचं होतं. आणि या जाती राज्यभर पसरल्या त्या काड्यांनी, नातेवाइकांच्या पिशव्यांतून, लग्नाला गेलेल्या माणसाच्या परतीच्या सामानातून. काडीतली मजा ही, की ती दिली तरी देणाऱ्याची वेल कमी होत नाही. शेड्यूलचं तसं नाही. ते दिलं की आघाडी जाते. म्हणूनच एकच माणूस काडी हसत द्यायचा आणि चिटोरं लपवायचा.

जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये एका छोट्या पुस्तकातून अशा समूहांना नाव दिलं. एकच काम करणारी माणसं त्या कामातून एकमेकांना घडवतात, तो व्यवसाय-समुदाय. लेव्ह यांनी आधी लायबेरियातल्या शिंप्यांकडे बसून पाहिलं होतं. तिथला शिकाऊ पोरगा आधी बटणं आणि दुमड शिकतो, मग शिवण, आणि अगदी शेवटी कापड बेतणं. कारण कात्री चुकली तर कापड वाया. द्राक्षबागेतही कात्री सहजासहजी हाती पडत नाही. आधी वांझ फूट काढणं, मग विरळणी, घड ‘जीए’ या संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, आणि पुष्कळ हंगामांनंतर छाटणी. डोळा कुठला ठेवायचा यावर वर्षाचं उत्पन्न असतं.

पण नाशिकच्या बागांत ही कात्री असते तरी कुणाच्या हातात? पुष्कळदा पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळीच्या हातात. एका हंगामात ही टोळी कितीतरी बागा फिरते. कुठल्या प्लॉटमध्ये घड जिरले, कुठे जास्त डोसनं मणी खरबरीत झाले, हे तिला मालकाच्याही आधी दिसतं. खिशात चिटोरं लपवणाऱ्या मालकाचं गुपित औषध कालवणाऱ्या मजुराला ठाऊकच असायचं. द्राक्षपट्ट्यातलं ज्ञान या माणसांच्या पायांनी खूप फिरलं, आणि त्याची नोंद कुठल्याच मासिकात फारशी नाही. आजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्येही या मजुरांचे नंबर सहसा सापडत नाहीत. मोकळेपणाच्या गप्पा मारताना हे थोडं खटकायला हवं.

गुपित फोडलं ते २०१० सालानं. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या भाषेत ‘सीसीसी’, हे वाढ रोखणारं संजीवक. खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा आणि काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून ते वर्षानुवर्षं वापरलं जात होतं. त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. शिफारशीतली गोष्ट होती. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये त्याचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर अडकले. निर्यातीआधी इथल्या प्रयोगशाळा ज्या रसायनांची तपासणी करत त्या यादीत सीसीसी नव्हतंच. औषध सगळ्यांना माहीत होतं, पण त्याबद्दलचा युरोपचा दंडक बांधापर्यंत पोचलेला नव्हता. ज्ञान उघडं होतं आणि तरी अर्धवट होतं, हा प्रकार नवा होता.

त्यातून दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे ‘अवशेष’ हा शब्द घराघरांत गेला. कुठलं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं, हा प्रश्न गुपिताचा राहिला नाही, कारण एकाचा नमुना नापास झाला तर अख्ख्या भागाच्या मालाकडे संशयानं पाहिलं जातं. दुसरं म्हणजे याच फटक्यानंतर दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकारानं सह्याद्री फार्मर्स प्रोड्यूसर कंपनी उभी राहिली. तिथे शेड्यूल सामाईक आणि फवारणीच्या नोंदी सक्तीच्या. ज्याचा बाजार सामाईक, त्याचं चिटोरंही सामाईक झालं.

मग फोन आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी व्हॉट्सअॅप ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ वर गेली होती. द्राक्ष ग्रुपांचे ‘१’, ‘२’, ‘३’ असे भाऊ जन्मले. फेसबुकवर ‘होय आम्ही शेतकरी’सारखे समूह वाढले. पानाच्या खालच्या बाजूची पांढरी लव दाखवणारा फोटो रात्री अकराला पडतो, खाली प्रश्न एकाच शब्दाचा: ‘डाऊनी?’ पाच मिनिटांत सात उत्तरं. त्यांतली तीन परस्परविरोधी, एक विक्रेत्याची जाहिरात, आणि एखाद्या जाणत्याचा उलट प्रश्न: छाटणी कधीची? खुंट कुठला? काल पाऊस किती? हा उलट प्रश्न ज्या ग्रुपमध्ये टिकतो तो ग्रुप टिकतो. बाकीचे सणांच्या शुभेच्छांत बुडतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये पावसानं पाठ सोडली नाही, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या लवकर छाटलेल्या बागा डाऊनीनं आणि घडकुजीनं गेल्या. बागेत ट्रॅक्टर शिरत नव्हता, फवारलेलं तासाभरात धुऊन जात होतं. अशा वेळी ‘आमच्याकडे पानावर तेलकट डाग दिसले’ हा निरोप नदीच्या निरोपासारखाच फिरतो. डाऊनीचे बीजाणू वाऱ्यानं आणि पावसाच्या थेंबांनी जातात. शेजाऱ्याची बाग रोगट राहिली तर आपल्याही बागेची खैर नाही. रोग हा एक पूरच आहे, हे कळायला पट्ट्याला काही हंगाम गमवावे लागले. हवामानाचा अंदाज, रोगाचा फोटो, पैसे बुडवून पळालेल्या व्यापाऱ्याबद्दलचा इशारा, हे सारं आता मोकळेपणानं जातं. भाव अजूनही अडखळत सांगितला जातो. कुणी पाच रुपये चढवून, कुणी उतरवून.

आणि फसलेला प्रयोग? तो सर्वांत कमी. फुगवलेल्या घडाशेजारी उभं राहून काढलेले फोटो भरपूर, जळालेल्या शेंड्यांचे फार थोडे. ते टाकणाऱ्याला पुढचे दोन दिवस चेष्टा सोसावी लागते, शिवाय व्यापारी त्याच ग्रुपमध्ये असला तर मालाचं नाव खराब होतं. तरी अधूनमधून कुणीतरी टाकतोच: अमुक आणि अमुक एकत्र मारलं, मणी असे झाले, तुम्ही मारू नका. त्यावर आलेल्या अंगठ्यांपेक्षा, न मारलेल्या टाक्या मोजता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

दरम्यान काडीचं मात्र उलट झालं आहे. पाऊस आणि मजुरी या दोन्हींना वैतागलेल्या बागायतदारांसाठी सह्याद्रीनं ‘आरा’ या परदेशी मालिकेतल्या जाती परवान्यानं आणल्या. विरळणीला मजूर कमी लागावेत, परदेशी बाजारात भाव चढा मिळावा, ही अपेक्षा. अशा जाती करारानं येतात. रोप मिळतं, पण त्याची काडी दुसऱ्याला देता येत नाही. पैदासकारानं कितीतरी वर्षं आणि पैसा घातलेला असतो, तेव्हा त्याची बाजू समजण्यासारखी आहे. थॉमसनच्या एका फांदीवर लक्ष ठेवून जात काढणाऱ्या बोरगाव-नान्नजच्या बागायतदारांना असा हिशेब मांडायची सोयही नव्हती.

त्यामुळे ऑक्टोबरमध्ये छाटणी झाल्यावर एखाद्या बांधावर थॉमसनच्या पक्व काड्यांचा ढीग पडलेला दिसतो. कलम करायला कुणी दहा-वीस उचलून नेल्या तर मालक वर पाहतही नाही. पलीकडच्या परवान्याच्या बागेत फवारणीचं वेळापत्रक फोनवर सगळ्यांना दिसतं, पाण्याचं, खताचंही दिसतं. तिथल्या काड्या मात्र कुणाला उचलून नेता येत नाहीत.