निष्ठा कशावर?

कीर्तनात आधी निरूपण होते आणि मग आख्यान रंगते. आज, सज्जनहो, आपण तो क्रम उलटा करू. कारण आख्यान दूरदेशीचे आहे, आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिलेले नसेल, आणि ते मनात उतरल्यावाचून निष्ठा या शब्दाकडे वळलो तर शब्द हाती राहील आणि माणसे निसटून जातील.

आख्यान आहे अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवरचे, एका विनोदी मालिकेतले. रोडा मॉर्गनस्टर्न प्रेक्षकांना प्रथम भेटली ती १९७० साली, ‘द मेरी टायलर मूर शो’ या मालिकेत, नायिकेच्या वरच्या मजल्यावर राहणारी मैत्रीण म्हणून. मिनियापोलिसच्या दुकानात दर्शनी काचेआडची सजावट करणारी, स्वतःच्या वजनावर आणि न जमणाऱ्या लग्नावर स्वतःच कोट्या करणारी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ज्यू घरातली मुलगी. व्हॅलरी हार्पर या अभिनेत्रीने तिच्यात असा जीव ओतला की ९ सप्टेंबर १९७४ रोजी सीबीएस वाहिनीवर ‘रोडा’ ही तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली. सुटीसाठी ती न्यूयॉर्कला येते, धाकटी बहीण ब्रेंडा ज्याच्या मुलाला सांभाळते त्या जो जेरार्डशी तिची गाठ पडते, ती तिथेच राहून जाते, आणि पहिल्या भागानंतर बरोबर सात आठवड्यांनी, २८ ऑक्टोबरच्या रात्री, तासाभराच्या खास भागात दोघांचे लग्न लागते. वधूला आणायची जबाबदारी जिच्यावर होती ती मेरीच्या मालिकेतली फिलिस ऐनवेळी विसरते, म्हणून रोडा लग्नाच्या पोशाखात भुयारी रेल्वेने आईवडिलांच्या घरी पोहोचते. पाच कोटींहून अधिक लोकांनी ते लग्न पाहिले. कित्येकांनी आपापल्या घरी मेजवान्या केल्या, काहींनी वाहिनीकडे चक्क आहेर पाठवले, आणि त्याच रात्री प्रतिस्पर्धी वाहिनीवर फुटबॉलच्या सामन्याचे समालोचन करणारे हॉवर्ड कोसेल, आपल्याला त्या लग्नाचे आमंत्रण नाही, अशी थट्टा करून गेले.

पुढे दोन वर्षे संसार झाला. २० सप्टेंबर १९७६ रोजी तिसरा हंगाम उघडला तो दोघांच्या वेगळे होण्यानेच. वर्षभर ते अधूनमधून भेटत राहिले, सांधा काही जुळला नाही, आणि १९७७ च्या हंगामात रोडा घटस्फोटित म्हणून समोर आली. डिसेंबर १९७८ मध्ये मालिकाही थांबली.

आता निष्ठेकडे. या शब्दाचा पहिला आणि सर्वांना ठाऊक असलेला अर्थ म्हणजे परस्त्री किंवा परपुरुष यांच्याकडे मन न जाऊ देणे. आणि न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याला तर दीर्घकाळ निष्ठेचा एवढाच अर्थ कळत होता. १९६७ पर्यंत त्या राज्यात घटस्फोटाला व्यभिचार हे एकमेव कारण चालत असे. नंतर क्रूरता, परित्याग अशी कारणे आली, रीतसर करार करून ठरावीक काळ वेगळे राहिलेल्यांनाही वाट मिळाली. पण कोणाचाही दोष न दाखवता, केवळ संसार मोडला आहे एवढे सांगून घटस्फोट मिळण्याची सोय तिथे २०१० साली झाली, अमेरिकेतल्या सर्व राज्यांच्या शेवटी. कॅलिफोर्नियात तीच सोय १ जानेवारी १९७० पासून होती. रोडा आणि जो न्यूयॉर्कचे रहिवासी, आणि त्यांच्या बाबतीत दोषाचा रकाना रिकामाच होता, कारण दोघांपैकी कोणीही तिसऱ्याकडे वळले नव्हते, कोणी हात उगारला नव्हता, कोणी फसवले नव्हते. जुन्या कायद्याच्या लेखी दोघेही पूर्ण निष्ठावान होते, आणि तरीही घर रिकामे झाले. म्हणजे निष्ठेचा हा पहिला अर्थ खरा असला तरी तिचे हे बाहेरचे कुंपण झाले. कुंपण शाबूत राहून आतले पीक वाळू शकते.

म्हणून थोडे आत जाऊ आणि विचारू की या दोघांची निष्ठा नेमकी कशावर होती. जो आधी एकदा घटस्फोट झालेला, डॉनी नावाच्या मुलाचा बाप. जुन्या इमारती पाडणाऱ्या कंपनीचा मालक (हा धंदा त्याला लेखकांनी पहिल्याच हंगामात दिला होता, तेव्हा त्यांच्या मनात काय होते कोण जाणे). त्याने रोडाला सुचवले होते ते आपल्याकडे राहायला येण्याचे. लग्नाचा विषय काढला तो रोडाने. यात लबाडी कोणाचीच नाही. तिची निष्ठा विवाहावर होती, सर्वांदेखत केलेल्या, आईवडिलांच्या घरात लागलेल्या, आता आपण कोणाच्या तरी आहोत हे जगाला सांगणाऱ्या विवाहावर; त्याची निष्ठा सहवासावर होती, संध्याकाळी घरी आल्यावर जिच्याशी बोलून बरे वाटते तिच्या सोबतीवर. दोन्ही निष्ठा आदराला पात्र आहेत, पण त्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एकमेकींकडे तोंड करून नव्हत्या, आणि लग्नाच्या धामधुमीत हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पाच कोटींच्याही नाही.

आपल्याकडे माळ घालण्याचा एक दिवस असतो, वारी मात्र दरवर्षी करावी लागते, आणि वारकऱ्याची निष्ठा कोणी पाहिलीच तर ती चिखलात, पावसात, पायाला फोड आलेल्या मुक्कामांत पाहतो. विवाहातल्या निष्ठेचा दुसरा पदर इथे उलगडतो. ज्या माणसाला वरले तो माणूस दरवर्षी थोडा वेगळा होत जातो, आपणही होतो, आणि बदललेल्या माणसाला पुन्हा वरणे, पुन्हा ओळखून घेणे, हे व्रत कोणत्याही मंगलविधीत एकदाच उच्चारून संपत नाही. रोडाचे लग्न झाले तेव्हा ती, कोणी आपल्याला पत्करील की नाही अशी धास्ती विनोदात लपवणारी मुलगी होती. लग्नानंतर ती धास्ती गेली, तिच्याबरोबर विनोदाचा जुना झराही आटला, आणि एक निवांत, स्थिरावलेली स्त्री उरली. तिला नव्याने ओळखण्याचे काम जोचे होते, आणि तसेच ते तिच्या निर्मात्यांचेही होते.

निर्मात्यांविषयी बोलणे आले, कारण कल्पित माणसांचे प्रारब्ध लिहिणाऱ्याच्या हातात असते, आणि या आख्यानातला निष्ठाभंग शोधायचाच झाला तर तो मला तिथे दिसतो. जेम्स एल. ब्रुक्स आणि अॅलन बर्न्स हे दोघे मोठ्या ताकदीचे लेखक. रोडा त्यांचीच मानसकन्या. १९७० साली मेरी टायलर मूरची मालिका रचताना त्यांना नायिका घटस्फोटित दाखवायची होती, पण वाहिनीने ते चालू दिले नाही. प्रेक्षकांना वाटेल की तिने डिक व्हॅन डाइक या नटालाच सोडले, अशी भीती घातली गेली, कारण आधीच्या मालिकेत ती त्याची पत्नी होती आणि ते लग्न लोकांना खरेच वाटत होते. तेव्हा ज्यांना घटस्फोट लिहू दिला नाही, त्यांनीच सहा वर्षांनी आपल्या दुसऱ्या नायिकेचा संसार मोडला, आणि मोडला तो अशासाठी की सुखी, विवाहित रोडातून विनोद निघेना असे त्यांना वाटू लागले. देशात १९७५ साली घटस्फोटांची संख्या प्रथमच दहा लाखांवर गेली होती, त्यामुळे या वळणाला काळाचा आधार मिळाला हे खरे. पण मूळ अडचण रचनेची होती. दर आठवड्याला पंचवीस मिनिटांत पेच घालायचा आणि सोडवायचा, आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांना हसवायचे, अशा बांधणीत शांत सुख बसेना.

मला मात्र वाटते की सुखाला कथा नसते हा समज घाईचा आहे. त्याच मालिकेत रोडाची आई आयडा आणि वडील मार्टिन होते. ती शब्दागणिक टोमणा मारणारी, तो सगळे ऐकून मऊ हसणारा, आणि त्यांच्या कित्येक वर्षांच्या संसारातून विनोद कधी आटला नाही, कारण त्या संसारात भांडायला जागा होती. रोडा आणि जो यांना लेखकांनी फार सुस्वभावी केले. ती त्याला जपते, तो तिला जपतो, मतभेद झाला की दोघेही समंजसपणे मागे सरतात. ज्या घरात मोकळेपणाने भांडता येत नाही तिथे निष्ठेची परीक्षाच होत नाही, आणि परीक्षा न झालेली निष्ठा पहिल्या खऱ्या आघाताला कशी टिकावी? (पाचव्या हंगामात मार्टिनही आयडाला सोडून घराबाहेर पडतो, आणि त्या जुन्या लग्नाला गेलेला तडा लेखकांनी फार रस घेऊन लिहिला आहे. सुखी विवाहात सांगण्याजोगे काही नाही म्हणणाऱ्यांनीच!)

निष्ठेला काळ लागतो, हा तिचा आणखी एक पदर, आणि तो समजून घ्यायला एक गमतीचा योग हाताशी आहे. ब्रेंडाचे काम करणारी ज्युली कॅव्हनर पुढे १९८९ पासून ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्र मालिकेत मार्ज या गृहिणीचा आवाज झाली, आणि त्या मालिकेच्या उभारणीत पुन्हा तेच जेम्स एल. ब्रुक्स. मार्ज आणि होमर यांचे लग्न कितीदा काठावर जाते आणि दर वेळी परत येते. पण त्या घरात कोणी म्हातारे होत नाही, मुलगा बार्ट दहा वर्षांचाच राहतो, तान्ही मॅगी तान्हीच. ते लग्न टिकते हे ठीक, परंतु ज्याचे वय वाढत नाही त्याच्यावर निष्ठा ठेवण्यात कसोटी ती काय? रोडाचा संसार खऱ्या वर्षांत चालला, दोघेही प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बदलले, आणि म्हणूनच तो मोडू शकला.

प्रेक्षकांचीही एक निष्ठा असते, तिची टिंगल मी करणार नाही. लग्नाला आहेर पाठवणारी माणसे भाबडी होती असे म्हणणे सोपे आहे. त्यांनी एका कल्पित विवाहाला आपल्या घरात जागा दिली होती, आणि तो मोडल्यावर वाहिनीकडे संतापाची पत्रे गेली ती त्या दिलेल्या जागेपोटी. पहिले दोन्ही हंगाम देशातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या दहा मालिकांत असलेली ‘रोडा’ तिसऱ्या हंगामात त्या यादीतून खाली घसरली. निर्मात्यांनी ज्या सुखावरची निष्ठा सोडली, त्या सुखासाठीच लोक येत होते.

घटस्फोट दाखवला हा त्यांचा दोष मी मानत नाही, आणि याला पुरावा त्यांच्याच हातचा आहे. १९७३ मध्ये मेरीच्या मालिकेत तिचे करडे वरिष्ठ लू ग्रँट यांना त्यांची पत्नी ईडी सोडून जाते. लहान वयात लग्न झालेल्या त्या बाईला आपण स्वतः कोण आहोत हे एकदा पाहायचे असते. ट्रेव्हा सिल्व्हरमन यांनी लिहिलेल्या त्या भागाला एमी पुरस्कार मिळाला. पुढे १९७५ मध्ये ईडी दुसरे लग्न करते, आणि लू त्या लग्नाला जातात. नाते संपलेले, हक्क संपलेला, कायद्याच्या लेखी दोघे परके. आणि तरी हा अवघडलेला, शब्दांनी कंजूष माणूस एकेकाळच्या पत्नीच्या लग्नात हजर राहतो. इथे निष्ठा विवाहाच्या बाहेर पडून माणसापाशी पोहोचली आहे. ईडी आता आपली उरली नाही, पण ती ईडी आहे, आणि तिचे बरे व्हावे ही इच्छा लूच्या मनातून गेलेली नाही.

रोडा आणि जो यांना असे एकही दृश्य कोणी लिहिले नाही. चौथ्या हंगामापासून जो पडद्यावरून गेलेला असतो, रोडाला वेशभूषा भाड्याने देणाऱ्या कंपनीत नोकरी मिळते, नवी माणसे, नवे विनोद येतात, आणि ज्या नवऱ्यासाठी ती भुयारी रेल्वेतून लग्नाच्या पोशाखात धावत गेली होती त्याला निरोपाचा एक धड भागही मिळत नाही. संसार मोडल्याचे दुःख मला समजते. हे विसरून जाणे मात्र लेखकांना माफ करवत नाही.