अकालमृत्यू, दैव आणि मालकाचे उत्तरदायित्व

कारखान्यात, खाणीत किंवा इमारतीच्या बांधकामावर एखादा कामगार दगावला की 'त्याची वेळ भरली होती' हे वाक्य मराठी समाजात सहज उच्चारले जाते. शोकाकुल कुटुंबाने ते उच्चारले, तर त्यातून दुःख सोसण्याचे बळ मिळते. परंतु ज्याच्या आवारात तो मृत्यू घडला त्या मालकाने ते उच्चारले, तर त्याच वाक्याचा अर्थ पालटतो आणि सांत्वनाची जागा सुटकेची वाट घेते. म्हणूनच कामाच्या जागेवरील सुरक्षितता हा विषय नियमपुस्तिकेत संपत नाही. माणसाच्या दुःखात दैवाचा वाटा किती आणि ते दुःख टाळणे ज्याच्या हाती होते त्याचा वाटा किती, हा जुना तात्त्विक प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

भारतीय परंपरेत कर्माचे तीन प्रकार सांगितले जातात: पूर्वजन्मांपासून साठलेले ते संचित, त्यातील फळ देऊ लागलेले ते प्रारब्ध आणि या क्षणी हातून घडत असलेले ते क्रियमाण. अपघाताला प्रारब्ध म्हणणारा मनुष्य यांपैकी दुसऱ्याच प्रकाराचे नाव घेतो आणि तिसरा विसरतो. मृताचे प्रारब्ध काहीही असो, ते ज्याच्या हातून किंवा ज्याच्या हयगयीमुळे ओढवले त्याचे क्रियमाण कर्म स्वतंत्रच राहते. तसे नसते तर धर्मशास्त्राने हत्येला दंड आणि प्रायश्चित्त सांगण्याचे कारणच उरले नसते, कारण प्रत्येक घातक मृताच्या प्रारब्धाकडे बोट दाखवून मोकळा झाला असता.

या प्रश्नाचा अत्यंत स्पष्ट विचार चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात आढळतो. आयुष्याची मर्यादा आधीच ठरलेली असते की नसते, असे अग्निवेश आपले गुरू आत्रेय यांना विचारतो. त्यावर आत्रेय दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वदेहात केलेले कर्म आणि या देहात केलेला प्रयत्न, या दोहोंवर आयुष्य अवलंबून असल्याचे सांगतात, आणि सर्वांचेच आयुष्य ठरलेले असते तर औषधोपचारांना व संकटे टाळण्याच्या खटपटीला अर्थच उरला नसता, असा युक्तिवाद करतात. पुढे ते रथाच्या आसाचा दृष्टान्त देतात. उत्तम आस नीट वापरला तर झिजून झिजून आपल्या काळाने संपतो, आणि हा झाला कालमृत्यू. तोच आस अतिभाराने, खडबडीत वाटेने, चाक मोडल्याने, वाहनाच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, खीळ निघाल्याने किंवा वंगण न मिळाल्याने मध्येच मोडतो, आणि हा झाला अकालमृत्यू. या यादीतील प्रत्येक कारण मनुष्याच्या हातातले आहे आणि त्यातील बहुतेक कारणे रथाच्या मालकाच्या हातातली आहेत. आजच्या अपघात-चौकशीत भार, देखभाल, मार्ग, यंत्र आणि चालक यांचाच तपास होतो.

हा विचार चरकापुरता मर्यादित नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्ध होण्यास पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी अधिष्ठानाचा अर्थ देह असा केला आहे आणि दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असे म्हटले आहे. म्हणजे आंधळे नशीब हा अर्थ तेथेही नाही, आणि दैव मोजले जाते ते उरलेल्या चार कारणांच्या जोडीने. पाली संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की सारे सुखदुःख पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणाऱ्यांविषयी त्याचे मत काय. तेव्हा बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम आचरण, बाहेरून झालेला आघात आणि पूर्वकर्म अशी आठ कारणे मोजतो आणि सर्वच दुःख पूर्वकर्मावर घालणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे ठरवतो. वैद्यकशास्त्र, वेदान्त आणि बौद्ध दर्शन यांची तत्त्वे परस्परांहून भिन्न आहेत. तरीही दैव हे एकमेव कारण नव्हे, याबाबत तिन्हींचे एकमत आहे.

आधुनिक कायद्याला मात्र या निष्कर्षापर्यंत पोहोचण्यास बराच काळ लागला. इंग्लंडमध्ये १८३७ साली निकाल लागलेल्या प्रीस्टली विरुद्ध फाउलर या खटल्यात एका खाटकाचा नोकर, अतिभार लादलेली गाडी मोडल्यामुळे जबर जखमी झाला होता. चरकाच्या दृष्टान्तातील अतिभाराचेच हे प्रत्यक्ष उदाहरण होय. न्यायालयाने त्याला भरपाई नाकारली, कारण नोकरालाही धोका दिसत होता आणि काम नाकारण्याची मोकळीक त्याला होती, अशी विचारसरणी तेथे मांडली गेली. कामगाराने धोका स्वेच्छेने पत्करलेला असतो, हे तत्त्व पुढे अनेक दशके मालकांच्या कामी आले. त्यातील उणीव तत्त्वज्ञानाची आहे: संमती खरी असण्यासाठी धोक्याचे ज्ञान आणि नकाराचे सामर्थ्य या दोन्ही गोष्टी लागतात, आणि ज्याच्या घरची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते त्याच्यापाशी दुसरी गोष्ट नसते. भारतात १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने मालकाचा दोष सिद्ध करण्याची अट न घालता, कामातून आणि कामाच्या ओघात झालेल्या इजेबद्दल भरपाईचे दायित्व त्याच्यावर टाकले.

दैवाचा शिरकाव कायद्यातही झाला होता. एखाद्याने आपल्या जागेत घातक वस्तू साठवली आणि ती निसटून इतरांचे नुकसान झाले तर त्याला जबाबदार धरणारा इंग्रजी नियम १८६८ मध्ये प्रस्थापित झाला, पण 'ईश्वरी कृत्य', म्हणजे माणसाच्या अंदाजापलीकडचा निसर्गाचा प्रकोप, हा त्याला अपवाद मानला गेला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेट वायूची गळती होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे एका वर्षाने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियमची गळती झाली. या दुसऱ्या घटनेवरील खटल्यात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व मांडले. घातक उद्योग चालवून नफा मिळवणाऱ्याला त्या उद्योगातून झालेल्या हानीची भरपाई द्यावीच लागेल आणि त्याला ईश्वरी कृत्यासह कोणताही अपवाद सांगता येणार नाही, असा त्याचा आशय आहे.

तरीही दैवाची जागा आज दुसऱ्या एका शब्दाने घेतली आहे, आणि तो शब्द म्हणजे कामगाराचा 'निष्काळजीपणा'. अमेरिकेतील विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक याने १९३१ मध्ये ८८ टक्के अपघात कामगारांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात असे लिहिले. परंतु त्याचा आधार विम्याची कागदपत्रे आणि पर्यवेक्षकांचे अहवाल हा होता, आणि ज्याच्यावर दोष येऊ शकतो त्याच्याच लेखणीतून कारण नोंदवले गेले तर ते कोणाच्या बाजूला झुकेल हे सांगावयास नको. पॉवर प्रेसवर दिवसभर पत्रे सरकवणाऱ्याचा हात एखाद्या वेळी चुकणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्या एका चुकीला बोटे ही किंमत पडावी, ही मात्र यंत्राची रचना आहे. दोन्ही हातांनी एकाच वेळी बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येणारच नाही अशी योजना असली, तर तीच चूक घडूनही बोटे वाचतात.

येथे चरकाचा आणखी एक शब्द उपयोगी पडतो. धी, धृती आणि स्मृती, म्हणजे समज, संयम आणि स्मरण, ढळल्यामुळे जे अहितकारक कर्म घडते त्याला तो प्रज्ञापराध म्हणतो. ही संज्ञा मूळची व्यक्तीसाठी असली तरी ती संस्थेला लावून पाहता येते. धोका कोठे आहे याचे ज्ञान ही मालकाची धी. उत्पादन थांबेल या भीतीने गार्ड काढून यंत्र चालवण्याचा मोह आवरणे ही त्याची धृती. आणि पूर्वी घडलेले व थोडक्यात टळलेले अपघात नोंदून त्यांपासून शिकणे ही त्याची स्मृती. भोपाळमध्ये डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनच्या गळतीने एका कामगाराचा बळी गेला होता. तरीही १९८४ च्या त्या रात्री वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि निसटलेला वायू जाळणारा मनोराही नादुरुस्त होता. तिन्ही गुण एकदम ढळले, ते व्यवस्थेचे.

या दृष्टीने पाहिले तर सुरक्षाशास्त्रातील उपायांची उतरंड हा नीतीचाच क्रम ठरतो. प्रथम धोका समूळ दूर करावा, न जमल्यास कमी घातक पदार्थ किंवा पद्धत योजावी, मग यंत्राला कुंपण व रोधक बसवावेत, त्यानंतर कामाचे नियम व पाळ्या सुधाराव्यात आणि सर्वांत शेवटी हेल्मेट, हातमोजे, मास्क द्यावेत. कारण पहिल्या तीन पायऱ्यांचा भार बहुतांशी मालक उचलतो आणि शेवटच्या पायरीचा भार कामगाराच्या देहावर येतो. प्रशिक्षणालाही याच कसोटीवर पारखले पाहिजे. नव्या कामगाराची, विशेषतः कंत्राटदाराकडून आलेल्याची, एका कागदावर सही घेणे म्हणजे मालकाच्या बचावाचा पुरावा तयार करणे होय. त्याला कळणाऱ्या भाषेत यंत्र कोठे चावते, रसायन काय करते आणि काम कधी थांबवावे हे शिकवणे म्हणजे ज्ञानदान होय. कायद्यानेही ही दिशा स्वीकारली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती होऊन, कामगारांच्या सुरक्षिततेचे सर्वसाधारण कर्तव्य भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेल्या व्यक्तीवर, आले. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही मालकाच्या कर्तव्यांबरोबर धोक्याची माहिती मिळण्याचा कामगाराचा हक्क नोंदवला आहे.

यावर असा आक्षेप येऊ शकतो, की जगात संपूर्ण सुरक्षितता शक्यच नाही आणि म्हणून कोठे तरी दैव मानावेच लागेल. तो खरा आहे. परंतु दैवाचे नाव घेण्याचा अधिकार गीतेने सांगितलेली उरलेली चारही कारणे निर्दोष ठेवल्यानंतरच मिळतो. जे दुःख अद्याप आलेले नाही तेच टाळण्याजोगे असते, असे पातंजल योगसूत्रांच्या साधनपादात सांगितले आहे, आणि सुरक्षिततेच्या साऱ्या शास्त्राचा पाया हाच आहे. दरवर्षी खंडेनवमीला महाराष्ट्रातील असंख्य कारखान्यांत यंत्रांना हळदकुंकू वाहून झेंडूच्या माळा घातल्या जातात. ती श्रद्धा वर्षभर टिकवायची असेल, तर प्रत्येक मालकाने त्या दिवशी यंत्रासमोर हात जोडण्यापूर्वी त्याचे गार्ड जागेवर आहे की नाही हे पाहावे, आणि ते जागेवर नसेल तर पूजा थांबवून आधी ते बसवावे.