तबकडी बाजूला ठेवणारा हात

पहाटेच्या पाळीला सुरतेहून हजीऱ्याला निघणाऱ्या आमच्या बसमध्ये ड्रायव्हर किशोरकुमारची कॅसेट लावी. बसमध्ये निम्मे गुजराती, बाकी आम्ही खानदेशी, उडिया, बिहारी. पगार, पाणी, क्रिकेट या सगळ्यांवर भांडणे होत. किशोरकुमारवर कधी झाले नाही. १९९४ च्या पावसाळ्यात एकदा शेजारी बसलेले आमचे वयस्कर फोरमन म्हणाले, "या माणसाने आणीबाणीत सरकारला तोंडावर नाही म्हटले होते, ठाऊक आहे ना?" बसमधल्या प्रत्येकाला जणू आपणच नाही म्हटल्यासारखा अभिमान वाटला. मलाही वाटला. त्याच आठवड्यात मी एक पोस्टकार्ड पेटीत टाकले होते, त्याची आठवण मात्र तेव्हा झाली नाही. ती पुढे झाली, आणि मग गेलीच नाही.

आधी किशोरकुमारची हकीकत. १९७६ सालच्या एप्रिलात वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी चित्रपटसृष्टीने हातभार लावावा म्हणून माहिती व नभोवाणी खात्याचे अधिकारी मुंबईत आले होते. त्यांतल्या एकाने किशोरकुमारला फोन केला. घरी येऊन बोलतो म्हणाला. किशोरकुमारने प्रकृतीचे कारण सांगून भेट नाकारली, आणि रेडिओ-टीव्हीसाठी गायचे नाही हेही सांगून टाकले. ना भाषण, ना निषेधाचे पत्रक. पण साहेबाला तो उर्मटपणा वाटला. ४ मे १९७६ पासून तीन महिने आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्याची गाणी बंद झाली. त्याच्या ध्वनिमुद्रिकांची विक्री थांबवण्याचाही घाट घातला गेला. खात्याचे मंत्री होते विद्याचरण शुक्ल. पुढे शहा आयोगापुढे हे सारे कागदोपत्री आले.

मी तेव्हा नंदुरबारला शाळेत होतो. आमचा भाग सीमेचा. जून १९७५ ते मार्च १९७६ गुजरातेत बाबूभाई पटेलांचे जनता मोर्चाचे सरकार होते, म्हणून मोठी माणसे म्हणत, नवापूर ओलांडले की जरा मोकळे बोलता येते. नवापूरचे स्टेशनच निम्मे महाराष्ट्रात, निम्मे गुजरातेत. म्हणजे एकाच फलाटावर जीभ आवरायची आणि चार पावले पुढे जाऊन सैल सोडायची! मार्चमध्ये ते सरकार गेले आणि फलाट एकसारखा झाला. रेडिओ तर दोन्हीकडे दिल्लीचाच. चौकातल्या हॉटेलवाल्याकडे दिवसभर विविध भारती चाले. रफी लागे, मुकेश लागे. पण किशोर लागत नाही हे कोणाच्या ध्यानात आल्याचे मला आठवत नाही. आपल्या लाडक्या गवयाचा आवाज हवेतून काढून घेतला तरी चहा तेवढाच गोड लागतो, ही गोष्ट फारशी भूषणावह नाही.

आता फोरमनसाहेबांनी न सांगितलेला भाग. त्यांना तो बहुधा ठाऊकही नसावा. या बंदीचा निर्मात्यांवर परिणाम झाला, आणि पुढे किशोरकुमारने सहकार्य करीन असे लेखी दिले. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चिडलो. दैवत मातीचे निघाले की माणूस दैवतावरच रागावतो. मग हळूहळू तो राग विरला. ज्याची भाकरी गळ्यावर, आणि तो गळा घराघरांत नेणारा भोंगा सरकारच्या ताब्यात, त्याने किती दिवस तग धरायचा, हे ठरवणारा मी कोण? शोस्टाकोविचसारख्या संगीतकाराचेही नाव १९७३ साली साखारोवविरुद्धच्या पत्रकाखाली छापून आले होते. त्या नावामागे किती भीती होती, हे रशियाबाहेर आरामखुर्चीत बसून मोजता येत नाही.

कोणी म्हणेल, दुर्गाबाई भागवत नाही वाकल्या. खरेच आहे. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाणांसमोर त्यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली, आणि पुढच्या वर्षी त्या तुरुंगात गेल्या. कन्नड अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना बडोदा डायनामाइट प्रकरणात धरून बंगळुरूच्या तुरुंगात ठेवले. दम्याने जर्जर होऊन १५ जानेवारी १९७७ ला त्या पॅरोलवर सुटल्या आणि पाचव्या दिवशी वारल्या. या दोघींपुढे मान लवते. पण त्यांचे धैर्य हातात घेऊन दुसऱ्याला मोजायला निघणे मला बरे वाटत नाही. धैर्य ही काही आपली पट्टी नव्हे. ते त्यांनी स्वतःचे मोल देऊन मिळवलेले आहे.

मला छळणारा प्रश्न निराळाच आहे. स्टुडिओतल्या कपाटातून त्या तबकड्या बाजूला कोणी ठेवल्या? मंत्री काही स्वतः आला नसेल. कोणी मोहोर उठवली असेल, कोणी यादी टंकली असेल, कोणी कपाटाला कुलूप लावले असेल आणि संध्याकाळी घरी जाऊन पोरांना गोष्ट सांगितली असेल. आयोगापुढे शुक्लांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. मंत्र्याने ती घेतली म्हणजे कुलूप लावणाऱ्याची सुटली का?

हा प्रश्न मी विचारतो, कारण ते कुलूप मी ओळखतो. १९९४ साली आमच्या वसाहतीच्या महाराष्ट्र मंडळाचा मी सचिव. गणेशोत्सवाला धुळ्याकडचे एक शाहीर ठरवले होते. बिदागी पाचशे रुपये आणि जाण्यायेण्याचे भाडे. त्यांचा पोवाडा विस्थापित शेतकऱ्यांवर होता आणि त्यात मंत्र्यांना चिमटे होते. एका संध्याकाळी वरच्या साहेबांकडून निरोप आला: "तुम्ही समजूतदार आहात, बघा काय ते." बस्स, एवढेच. हुकूम नव्हता, धमकी नव्हती. तेव्हा आणीबाणीही नव्हती, हे विशेष. मी रात्रीच कार्ड लिहिले, 'अपरिहार्य अडचणीमुळे कार्यक्रम रद्द'. त्यांच्या जागी सुरतेचा वाद्यवृंद आणला. लोक खूश झाले. त्यांनी किशोरकुमारचीच गाणी वाजवली.

मी नाही म्हटले असते तर काय झाले असते? फार तर बढती वर्षभर लांबली असती. किशोरकुमारवर आलेल्या दडपणाचा शंभरावा हिस्साही माझ्यावर नव्हता. कधीकधी वाटते, सत्तेचे अर्धे काम समजूतदार माणसेच करतात; तिने आवाज चढवायच्या आधीच आम्ही कपाटाकडे चालू लागतो.

शाहिरांचे उत्तर आठ दिवसांत आले होते. रागाचा एक शब्द नाही. 'पुढल्या वर्षी आठवण ठेवा,' एवढेच. पुढल्या वर्षी सचिव मीच होतो. त्यांना बोलावले नाही.

ते कार्ड अजून माझ्याकडे आहे, पत्ताही वाचता येतो. गेल्या दिवाळीत धुळ्याला गेलो होतो. स्टँडवर उतरून त्यांच्या गावाची गाडी विचारली, फलाटावर जाऊन तासभर बसलो. गाडी आली, भरली आणि गेली.