स्प्लेंडरचा हविर्भाग

गाडी पंपावर लागली की नोझल हातात घेतलेला पोरगा विचारतो, ‘साधं टाकू का पॉवर?’ लिटरमागे फरक काही रुपयांचाच, पण उत्तर देताना माणूस अडखळतो. जिच्यावर दुधाची किटली डेअरीला जाते, खताची गोणी रानात पोचते, लेकरू शाळेत जातं, तिला हलकं का पाजायचं? दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालून हळदकुंकू वाहणाऱ्या माणसाला हा प्रश्न निव्वळ पैशांचा वाटत नाही. त्यात भक्ती शिरते. आणि जिथे जीव लावला तिथे सगळ्यांत चांगलं द्यावं, हे भक्तीत आपण न बोलता मान्य केलेलं आहे.

ते तपासून बघायला बारामती तालुक्यातलं लोणी भापकर हे चांगलं गाव आहे. इथल्या जुन्या मल्लिकार्जुन मंदिराजवळ पुष्करणी आहे आणि तिथे दगडी यज्ञवराह उभा आहे. माणसाच्या धडावर वराहाचं तोंड अशी ही मूर्ती नव्हे, ती पुरती पशुरूपातली आहे. पुराणांनी या वराहाच्या देहात अख्खा यज्ञ पाहिला: पाय म्हणजे वेद, सुळे म्हणजे यूप (यज्ञातला खांब), जीभ म्हणजे अग्नी, अंगावरचे केस म्हणजे दर्भ. बघायला येणारे फोटो काढतात आणि पुढे जातात. यज्ञात कोणत्या देवाला काय वाहायचं, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. खरी गंमत मात्र तिथेच आहे.

अग्नीला आठ कपालांवर (खापरांवर) भाजलेला पुरोडाश, म्हणजे जाड भाकरी. अग्नी आणि सोम या जोडीला अकरा कपालांवरचा. इंद्राला सोमरस. आणि पूषन् देवाला? दळलेलं पीठ. ब्राह्मणग्रंथांतल्या कथेप्रमाणे त्याला दात उरलेले नाहीत, म्हणून त्याचा वाटा दळूनच द्यायचा. यात पूषनाचा अपमान कोणाला दिसला नाही. कात्यायन श्रौतसूत्र यज्ञाची व्याख्या द्रव्य, देवता आणि त्याग एवढ्याच तीन शब्दांत करतं. द्रव्य महाग असावं, असं त्या व्याख्येत कुठेही नाही. ज्याचं त्याला पोचलं पाहिजे, एवढंच.

इंजिनाचंही तसंच. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, ही समजूत चुकीची आहे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं. त्या दाबात ते आपोआप, वेळेआधी पेटून इंजिनात ठोके बसू नयेत, याची सहनशक्ती ऑक्टेनच्या आकड्यावरून कळते. आपल्याकडे साध्या पेट्रोलचं प्रमाण आधी 91 ठरलेलं होतं; महागड्यात 95, 97, इंडियन ऑइलने डिसेंबर 2020 मध्ये आणलेल्या एक्सपी 100 मध्ये थेट 100. स्प्लेंडरसारख्या गाडीचा कॉम्प्रेशन रेशो दहाच्या आसपास. तिला 91 पुरतं. उरलेली सहनशक्ती वापरायला तिच्यापाशी दातच नाहीत.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2016 मध्ये हे मोटारींवर तपासलं. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून ना ताकद वाढली, ना मायलेज. तरीही तिथल्या चालकांनी वर्षभरात या हौसेपायी 210 कोटी डॉलर घालवले, असा संस्थेचा अंदाज होता. महागड्या पेट्रोलमध्ये इंजिन साफ ठेवणारी रसायनं असतात, हा मुद्दा वेगळा. त्याचा ऑक्टेनशी संबंध नाही.

‘पण पॉवर टाकलं की गाडी मऊ चालते,’ असं सांगणारे भेटतातच. देव भावाचा भुकेला, हे खरं. गीतेच्या नवव्या अध्यायात तर पान, फूल, फळ, पाणी एवढंही देवाला पुरतं. पिस्टनला मात्र भाव कळत नाही. शिवाय जिथे साधं पाणी चालतं तिथे उंची द्रव्याचा हट्ट वाहणाऱ्याचाच असणार.

आता सोवळ्याओवळ्याचंही आलंय. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून, ज्यांचा ऊस सोमेश्वर नाहीतर माळेगाव कारखान्याला जातो अशा या टापूतही लोक त्याला भेसळ म्हणू लागले. तक्रार अगदीच खोटी नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून मायलेज थोडं घटतं. जुन्या गाड्यांच्या रबरी भागांची काळजीही रास्त आहे. पण 95 ऑक्टेनच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतंच, तेव्हा जास्त पैसे मोजून सोवळं विकत मिळत नाही. उलट इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 108 च्या घरात. या मिश्रणामुळे पेट्रोल 95 ला पोचलं, असं पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 मध्ये सांगितलं. म्हणजे ‘साधं’ आता तितकंसं साधं राहिलेलंच नाही.

तेव्हा शंभर सीसीच्या गाडीत साधंच भरावं. बाराच्या पुढे कॉम्प्रेशन असलेल्या गाडीची पुस्तिका त्याहून जास्त ऑक्टेन मागत असेल, तर तिथे कंजुषी करू नये. वाचलेल्या पैशांत ऑइल वेळेवर बदलावं, एअर फिल्टर साफ ठेवावा आणि टायरमधली हवा दर आठवड्याला बघावी.