अनुतापाचा सामाईक आनंद

टेंभुर्णीहून पुण्याच्या वाटेस लागले असता केडगाव फारसे आडवाटेला नाही. तेथील पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ साली शेकडो मुलीबायकांनी रडत रडत आपापली पातके उघड केली. पुढे त्या रुदनाचेच आनंदगायन झाले. पाप एकीचे, मग आनंद सर्वांना कां व्हावा? आम्हांस वाटते, दुसऱ्याची कबुली ऐकताना स्वतःचे दोष आठवतात आणि ऐकणारा न्यायासन सोडून अपराध्याशेजारी येऊन बसतो. एकांतातील अनुताप नुसता जाळतो. मंडळीत त्यास सोबत मिळते. अर्थात, ज्याचे हिरावले त्यास ते परत न करता ढाळलेले अश्रू म्हणजे केवळ प्रदर्शन होय. येशूच्या दृष्टान्तातले हरवलेले मेंढरू परतते, तेव्हाच उरलेल्या नव्याण्णवांचाही कळप पुरा होतो.