कमी नेमके कुणात?



एखादे मूल बहिरे आहे असे कळले की आपण 'बिचारे!' म्हणतो आणि तिथेच थांबतो. उणीव मुलात आहे, हे आपण धरूनच चालतो. ते खरे आहे का?

बहुतेक बहिरी मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या घरी जन्मतात. त्यांतील अनेकांना लहानपणी पुरती अशी कोणतीच भाषा मिळत नाही. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखायला अशी मुले उशिरा शिकतात, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले. मात्र बहिऱ्या आईबापांकडून जन्मापासून खुणांची भाषा शिकलेली मुले त्यात मागे पडत नाहीत. म्हणजे खोट कानांपेक्षा आपल्या अबोल्यात अधिक आहे.

नजरेच्या कडेला झालेली हालचाल तर ही मुले मोठेपणी चटकन टिपतात. बालपणीच बहिरे झालेले सतीश गुजराल नामवंत चित्रकार झाले. पण मान मिळवण्यासाठी प्रत्येक बहिऱ्या मुलाने कलावंत का व्हावे?

१८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी शाळांत खुणांऐवजी तोंडी बोलण्यावरच भर द्यायचे ठरवले. हेतू भल्याचा होता, पण मुलांचे हात बांधले गेले.

प्रभू येशूने मात्र बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला (मार्क ७:३३). त्या माणसाला समजेल अशा खुणांनीच प्रभू आधी बोलला. आपण शेजारच्या बहिऱ्या मुलासाठी निदान दहा खुणा शिकू या का?