दुरुस्त न होणारे

यंत्रावर रागावणे धर्मगुरूला शोभत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही गेल्या पावसाळ्यात धर्मग्रामाच्या कार्यालयात बसून आम्ही एका संगणकावर मनापासून रागावलो. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली होती, नवी घालणे भाग होते. नव्या प्रणालीने प्रथम हार्ड डिस्क तपासली आणि सांगितले की, डिस्कमध्ये दोष आहेत, ते दूर झाल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. दुरुस्तीचा प्रोग्राम तीन वेळा चालवला, एकदा तर रात्रभर. प्रत्येक वेळी उत्तर एकच: दुरुस्ती शक्य नाही.

त्या डिस्कवर पत्रव्यवहार आणि हिशेब होते, त्यांच्या प्रती कागदावर होत्या. परंतु आमच्या वसईतील एका वृद्ध बाईंनी सामवेदी बोलीत गायिलेली लग्नाची तेरा गीतेही तेथेच होती. ध्वनिमुद्रण आम्हीच केले होते. पुढे बाई देवाघरी गेल्या. दुसरी प्रत मात्र निघाली नव्हती. नाताळानंतर काढू, मग उपवासकाळानंतर काढू, असे चालले होते. वर्षभर संगणक मध्येच थबकत होता, आतून टकटक आवाज येत होता, आणि आम्ही दार लोटून घेत होतो.

1998 साली विंडोज 98 आली, तेव्हा ती बसवण्यापूर्वी स्कॅनडिस्क नावाची तपासणी होत असे. आज्ञेपुढे दोन अक्षरे जोडली की ती तपासणी टळे. तरुणपणी ही युक्ती आम्हीही वापरली होती आणि आपल्या हुशारीचे कौतुक करून घेतले होते. तिची आठवण होऊन, संगणकाची देखभाल करणाऱ्या आमच्या तरुणाला आम्ही म्हणालो, "बाळा, ही तपासणी वगळता येणार नाही का?" तो म्हणाला, "फादर, वगळता येईलही. पण डिस्क तीच राहील." या उत्तराचाही आम्हाला रागच आला, हे कबूल केले पाहिजे.

राग ओसरल्यावर त्याच्याकडून समजून घेतले. डिस्कचे दोष ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एक नोंदवहीतला: अमुक फाइल अमुक ठिकाणी आहे असे वही म्हणते, पण ती तेथे नसते; किंवा एकाच जागेवर दोघींचा दावा असतो. दुसरा खुद्द पृष्ठभागावरचा: चुंबकीय खूण पुसट होते आणि तेथले काही वाचताच येत नाही. पहिला दोष प्रोग्राम मिटवू शकतो, पण कसा, ते पाहण्याजोगे आहे. ज्या तुकड्यांना मालक सापडत नाही, त्यांना विंडोजमधील दुरुस्तीचा प्रोग्राम फाइल0000.सीएचके यासारखी नावे देऊन एका कप्प्यात टाकतो. वहीचा मेळ बसतो. हरवलेले परत येतेच असे नाही. ज्याला आपण दुरुस्ती म्हणतो ती पुष्कळदा हिशेब जुळवणेच असते. दुसऱ्या दोषावर डिस्कपाशी स्वतःचा उपाय असतो. कारखान्यातूनच तिला काही राखीव जागा दिलेल्या असतात. एखादी जागा खराब झाली की डिस्क गुपचूप राखीव जागा वापरू लागते. वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही. राखीव जागा संपू लागल्या की दोष वर येतात, आणि आपल्याला वाटते की ते आजच झाले.

म्हणजे नकार देणाऱ्या तपासणीने काहीच बिघडवले नव्हते. इतकी वर्षे जे झाकले जात होते, ते तिने केवळ उच्चारले. राग मात्र तिच्यावर. घरातही असेच होते. दारूचे व्यसन सगळ्यांना ठाऊक असते, आणि ते प्रथम बोलून दाखवणारी सून वाईट ठरते.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा'मधील एक प्रश्न आम्हाला विचित्र वाटला होता: घडून गेलेले घडलेच नाही, असे देव करू शकतो काय? थॉमस नाही म्हणतात. तो शक्तीचा उणेपणा नव्हे, ती गोष्टच परस्परविरोधी आहे. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही स्पष्ट म्हटले आहे की, पापमुक्तीने पाप दूर होते, पण पापाने केलेली सारी मोडतोड भरून निघत नाही. ती शक्य तेवढी भरून देणे आपल्याकडे राहते. कबुलीच्या आसनावर बसून हे आम्ही कितीदा सांगितले असेल! आणि स्वतःवर वेळ येताच आम्हाला हवी होती ती युक्ती, दोन अक्षरांची.

त्या तरुणाने डिस्क बाहेर काढली आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने तिची प्रत घेतली. तो प्रोग्राम अडलेल्या जागी झगडत बसत नाही. सहज वाचता येते ते आधी उचलतो आणि मग दुखऱ्या जागांकडे परत वळतो. चार दिवस लागले. हिशेब आले, पत्रे आली. गीते सगळी आली नाहीत. नव्या डिस्कवर नवी प्रणाली अर्ध्या तासात बसली, त्याचा आनंद मात्र झाला नाही.

बाईंच्या लेकीला काय सांगावे? 'काम चालू आहे' असे म्हणता आले असते. दोन आठवडे आम्ही तसेच म्हणत होतो. एका संध्याकाळी प्रार्थनेनंतर तिच्या घरी गेलो. प्रत काढायची आम्हीच राहून दिली होती, हेही सांगितले. ती बराच वेळ पदराचे टोक चाळवीत राहिली. मग विचारले, "फादर, किती राहिली?"

"तेरातली आठ."

"मांडवाचे राहिले का?"

ते राहिले नव्हते. तिने आत जाऊन चहा ठेवला. परत आली तेव्हा म्हणाली, ती आठ तरी आता ऐकवा. आम्ही रिकाम्या हातानेच गेलो होतो.